सहा अंशांवरचा उंचवटा

४ फेब्रुवारी. रक्तदाब १६४/१०२.

ही वही लिहायची हौस माझी नाही, डॉक्टरांची आहे. काल त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुसफुस हवा भरली आणि विचारलं, "राग येतो का हो तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही." त्याच वेळी बायको म्हणाली, "येतो." मी तिला म्हटलं, "तुला कुणी विचारलं?" डॉक्टर हसले. म्हणाले, "राग आला की बोलू नका. घरी जाऊन लिहा." आणि औषधवाल्यांनी दिलेली ही डायरी माझ्या हातात ठेवली. ठीक आहे. राग येईल तेवढंच लिहीन, न आला तर पान कोरं.

आज आला.

बावीस वर्षं मी या संस्थेत धातू वितळवतो. सगळे मला मिस्त्री म्हणतात. वरच्या मजल्यावर शिकलेले लोक ज्याचं चुंबकत्व मोजतात, तो तुकडा खाली माझ्या खोलीत तयार होतो. तीन धातू मोजून घ्यायचे, आर्क फर्नेसमध्ये ठेवायचे, आतली हवा काढून आर्गॉन वायू भरायचा आणि विजेच्या ठिणगीने वितळवायचे. गार झालं की शर्टाच्या बटणाएवढा गोळा होतो, म्हणून आम्ही त्याला बटणच म्हणतो. उलटं करायचं, परत वितळवायचं. पाच वेळा. माझं बटण नसेल तर वरची यंत्रं म्हणजे रिकामी भांडी.

आज साहेबांनी वर बोलावलं. दुसऱ्या एका संस्थेतून पत्र आलंय. आपण जे सिरियमचं संयुग केलं तेच त्यांनीही केलं. आपल्या आलेखात सहा अंशांवर उंचवटा येतो, त्यांच्यात येत नाही. त्यांचं म्हणणं, तुमच्या सॅम्पलमध्ये ऑक्साइड आहे. सरळ मराठीत सांगायचं तर, तुमचा मिस्त्री घाण माल देतो.

सिरियम म्हणजे कापलेलं सफरचंद. हवेत ठेवलं की कुजायला लागतं, वर ऑक्साइडचा पिवळट राखाडी थर चढतो. म्हणून ते तेलात ठेवतात. मी तेलातून काढतो, धुतो, चांदीसारखं चमकेपर्यंत कानशीने घासतो आणि तसंच भट्टीत टाकतो, उरलेले तुकडे परत तेलात. चमक आली की नाही हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही. ते माझ्या डोळ्यात आहे. आणि हे लोक मला ऑक्साइड शिकवतात.

साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, खात्री आहे ना?"

मी म्हटलं, "माझा शब्द आहे."

ते म्हणाले, "मग झालं." हा माणूस बरा आहे. बाकीचे सगळे नग आहेत.

७ फेब्रुवारी.

ज्या पोरीचं संशोधन या संयुगावर चाललंय तिला मी प्रश्नपत्रिका म्हणतो. चार वर्षं झाली, पोरगी तोंड उघडते ते प्रश्न विचारायलाच. आज जिन्यात गाठलं.

"मिस्त्रीकाका, तुम्हाला उंचवटा म्हणजे काय ते सांगू?"

मी म्हटलं, सांग, मला कुठे घाई आहे. तिने जिन्याच्या पायऱ्यांवरच शिकवणी लावली. सिरियमच्या प्रत्येक अणूत खोल आत एक इलेक्ट्रॉन असतो, एकटाच. त्याचा चुंबकपणा त्या एकट्यामुळे. मोकळा असता तर कसाही बसला असता. पण भोवती दुसरे अणू असतात, त्यांचे विद्युतभार चारी बाजूंनी त्याला दाबतात. मग त्याला बसायला तीनच पायऱ्या उरतात, त्यांच्याखेरीज कुठे बसायची परवानगी नाही.

मी म्हटलं, "म्हणजे इमारतीतला एकटा भाडेकरू. आजूबाजूला सगळे संसारी. त्याने कुठे उभं राहायचं तेही शेजारीच ठरवणार."

ती इतकी हसली की कठड्याला धरून उभी राहिली. म्हणाली, "काका, हे मी प्रबंधात घालणार." मग पुढचं सांगितलं. थंड करत गेलं की सगळे भाडेकरू खालच्या पायरीवर येतात. कुठली पायरी किती उंचीवर आहे ते उष्णतेच्या आलेखातल्या मोठ्या पसरट चढावरून कळतं. तो चढ चाळीस अंशांच्या आसपास आहे आणि तो कुणीच नाकारत नाही. भांडण छोट्या उंचवट्याचं आहे, सहा अंशांवरच्या. (हे अंश यांच्या मोजपट्टीचे, बर्फाच्याही पावणेतीनशे खाली शून्य धरतात.) तिचं म्हणणं, तिथे खालच्या पायरीवरचे सगळे एकदम रांगेत उभे राहतात, आणि हेच तिच्या चार वर्षांचं फळ आहे. त्या पत्राचं म्हणणं, रांगेत उभा राहतोय तो ऑक्साइड.

आलेख दाखवला तर त्यावर दोन रेघा, दोन्ही सारख्याच काळपट. मी म्हटलं, "अगं, वेगळे रंग तरी द्यायचे." ती काहीतरी बोलणार होती, मग गप्प बसली. छपाईयंत्रात शाई घालायला यांना वेळ नाही आणि माझ्या सिरियमवर संशय घ्यायला आहे.

८ फेब्रुवारी. १६०/१००.

बायकोने साबण बदललाय. माझे सगळे पांढरे शर्ट पिवळे पडलेत. विचारलं तर म्हणते, "पांढरेच आहेत." मी शर्ट खिडकीशी नेऊन दाखवला. म्हणते, "अहो, डोळे तपासून घ्या." हे एक वाक्य गेली दोन वर्षं ऐकतोय. आपली चूक मान्य करणं या घराण्यात नाही. (तिच्या.)

१३ फेब्रुवारी. १७०/१०४.

आज जे झालं ते लिहायला हवं, कारण तोंडातून निघून गेलंय.

साहेबांनी परत बोलावलं. वीस मार्चला पोरीची समिती बसणार. चार वर्षं संपली, तिला मुदत वाढवून द्यायची की नाव काढायचं ते ठरेल. आणि आता हे पत्र. साहेब म्हणाले, "मिस्त्री, सॅम्पल चांगलं होतं असं धरलं, तर ऑक्साइड आला कुठून?"

मला वाटलं, आता हे फिरून माझ्यावरच येणार. तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "पोरी बटणं कशी वापरतात ते बघितलंय का तुम्ही? हिने माझं बटण पेन्सिलीच्या डबीत ठेवलं होतं. उघडं. आठवडाभर."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

पेन्सिलीची डबी तिच्या टेबलावर असते, हे खरं. त्यात बटण मी पाहिलं का? पाहिलं नसलं तरी ठेवलं असेलच. नाहीतर ऑक्साइड येईल कुठून? माझ्याकडून तर नाही.

१५ फेब्रुवारी.

प्रश्नपत्रिका खाली आली. आज प्रश्न एकच. "काका, तुम्ही असं का सांगितलंत?"

मी भट्टीची काच पुसत होतो. म्हटलं, "जे आहे ते सांगितलं."

"बटण डेसिकेटरच्या हवाबंद बरणीत होतं. रोज नोंद आहे माझी. तुम्हाला माहितीये."

"मला काय माहितीये ते तू नको सांगूस."

तिचा आवाज फाटला. "मग परत करू. तुम्ही एक बटण करा, तुमच्या पद्धतीने. मी एक करते, ग्लोव्ह बॉक्समध्ये. एकाच कांडीतलं सिरियम. दोन्ही मोजू."

तो ग्लोव्ह बॉक्स म्हणजे काचेची पेटी. तीन वर्षांपूर्वी आली. आत शुद्ध आर्गॉन, आणि हात घालायला रबराचे लांब मोजे. मी एकदाच हात घातले होते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला न्हाऊ घालतोय असं वाटलं. म्हटलं, "कर. बघू कुणाच्या हातात काय आहे ते."

माझी तिच्यावर माया होती, हेही लिहून ठेवतो. होती.

१९ फेब्रुवारी.

दोन बटणं झाली. तिची आणि माझी. माझा हात अजून लोण्यासारखा चालतो. कांडीचा तुकडा शिकंज्यात धरला, कानस मारली. सिरियमचा कीस उडतो आणि हवेत पेटतो, लायटरसारख्या ठिणग्या. बावीस वर्षं बघतोय, अजून मजा वाटते. दहा मिनिटांत तुकडा चांदी झाला.

ती शेजारी उभी होती. वाकून बघितलं आणि म्हणाली, "काका, अजून थोडं घासायचं का?"

"चमकतोय की!"

"या कडेला... मला जरा..."

"माझं डोकं खाऊ नकोस," मी ओरडलो. ती दोन पावलं मागे सरली. खोलीतली ट्यूबलाइटही मरतुकडी झालीये, तीनदा अर्ज केला. स्टोअरवाला दरवेळी नवी लावून जातो आणि दरवेळी तीही तशीच निघते. यांना माल घ्यायचीसुद्धा अक्कल नाही.

दोन्ही बटणं क्वार्ट्झच्या नळ्यांत बंद करून आठवडाभर भाजायला ठेवली. नळ्यांवर चिठ्ठ्या तिने लावल्या.

२ मार्च. १७८/१०८.

तिच्या बटणात सहा अंशांवर काही नाही. माझ्यात आहे.

आलेख माझ्यासमोर ठेवला. साहेब शेजारीच होते. दोघं माझ्याकडे असे बघत होते जसं घरातलं म्हातारं माणूस पडलंय आणि कुणी उचलायचं ते ठरत नाहीये.

मी म्हटलं, "बटणं बदललीयेत."

"काका!"

"नळ्या कुणाकडे होत्या? चिठ्ठ्या कुणी लावल्या? समिती कुणाची आहे? माझी की तुझी?"

साहेब म्हणाले, "मिस्त्री, शांत व्हा." मी झालो नाही. अजून बरंच बोललो. बाहेर येताना दाराची चौकट खांद्याला लागली. लोक दारं अर्धवट उघडी ठेवतात.

जिन्यात साहेब मागून आले. हळू म्हणाले, "तुम्ही बावीस वर्षं आहात. ती चार. मी समितीला तुमचं म्हणणं सांगेन."

जिंकलो. घरी आलो तर जेवण जाईना.

३ मार्च.

आज राग नाही. पण पान कोरं सोडवत नाही. तिने जाताना आपली पेन्सिलीची डबी माझ्या टेबलावर ठेवली होती. उघडी. आत पेन्सिली होत्या.

६ मार्च.

आमच्या घराच्या इमारतीच्या जिन्यावरून पडलो. शेवटची पायरी दिसलीच नाही, गवंड्याने सगळ्या एकाच रंगाच्या केल्यात. गुडघा फुटला. बायकोने रिक्षा बोलावली आणि हाडांच्या डॉक्टरऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी म्हटलं, "गुडघा इथे आहे." ती म्हणाली, "मला माहितीये कुठे आहे."

डोळ्यांची डॉक्टर पोरसवदा. हनुवटी टेकवायला लावली, दिवा मारला, आणि हसून म्हणाली, "आजोबा, इतके दिवस कसं चालवलंत?" मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजवा जास्त पिकलाय. तिने विचारलं काम काय. भट्टी म्हटल्यावर मान हलवली. मी काळी काच लावतो. पण बटण वितळलं की नाही ते बघायला काच क्षणभर वर करतो, हे तिला कशाला सांगा.

आधी उजवा करू म्हणाली. पण रक्तदाब खाली आला पाहिजे. तोवर चिडायचं नाही. म्हणजे आता मला चिडायचीही बंदी. बायको म्हणते, "दोन वर्षं सांगत होते." मी काहीच बोललो नाही, ऑपरेशन व्हायचंय.

११ मार्च.

हे मी लिहितेय. यांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी आहे. सांगतील तेवढंच लिहायचं, पदरचं घालायचं नाही, अशी ताकीद आहे.

हे सांगतात: ऑपरेशन पंधरा मिनिटांत झालं, त्यासाठी तीन तास बसवून ठेवलं. परिचारिकेने आजोबा म्हटलं. डॉक्टरनेही म्हटलं. चहा पाणचट होता. वॉर्डातला शेजारी मोबाइलवर मोठ्याने बोलत होता. वीस तारखेला पोरीची समिती आहे, त्याच्याशी आपला संबंध नाही. उद्या पट्टी निघेल.

आता पदरचं घालते. मी वही वाचलेली नाही. आठ फेब्रुवारीचं पान तेवढं आपोआप उघडलं. साबण बदललेला नाही. लग्न झाल्यापासून तोच आहे.

१२ मार्च. १४६/९०.

पट्टी निघाली.

सकाळपासून घरात फिरतोय आणि एक एक वस्तू बघतोय. भिंती पांढऱ्या आहेत. मला वाटायचं, रंगाऱ्याने बदामी रंग देऊन फसवलंय, त्याच्याशी भांडलोही होतो. हिची जी साडी मी मळखाऊ समजत होतो ती निळी आहे. निळा हा रंग मी विसरलोच होतो. हिच्या कानामागे सगळे केस पांढरे झालेत. कधी झाले?

कपाट उघडलं. शर्ट पांढरेशुभ्र आहेत. डावा डोळा उघडा ठेवून उजवा मिटला की पिवळे. उजवा उघडून डावा मिटला की पांढरे. असं कितीतरी वेळ केलं. ही दारात उभी राहून बघत होती. म्हटलं, "साबण चांगला आहे." ती म्हणाली, "हो का," आणि आत गेली.

१५ मार्च.

आठ दिवस भट्टीकडे फिरकायचं नाही असा हुकूम आहे. तरी काळा चष्मा लावून गेलो. नुसतं बघून यावं म्हणून. खोलीत पाय टाकला तर ट्यूबलाइट लख्ख.

फळीवर माझी बरणी असते. तेलात सिरियमचे घासून ठेवलेले तुकडे, पुढच्या कामाला तयार. माझ्या हातचे, चांदीसारखे.

बरणी खिडकीशी नेली. चष्मा काढला.

डाव्याने पाहिलं. चांदी.

उजव्याने पाहिलं.

परत डाव्याने. परत उजव्याने. एक तुकडा बाहेर काढला, पुसला, कानस दोनदा मारली. जिथे कानस लागली तिथे खाली खरी चमक होती, आणि तिच्या भोवती पिवळट राखाडी बुरशी, कडेला तर पोपडे. डाव्या डोळ्याने ती चमक आणि ती बुरशी एकच दिसत होती. या कडेला, पोरगी म्हणाली होती. मला जरा. पुढचं मी तिला बोलू दिलं नव्हतं.

ते सगळं मी भट्टीत टाकत आलो. पाच वेळा उलटून, नीट मिसळून, एकजीव करून. भट्टीचं काम मी कधीच वाईट केलं नाही. घाण इतकी छान मिसळली की कुणाला वेगळी काढता येणार नाही.

बरणी फोडावीशी वाटली. फोडली नाही, सिरियम पेट घेतं. स्टुलावर बसून राहिलो. आयुष्यात जेवढ्या लोकांवर चिडलो, रंगारी, गवंडी, स्टोअरवाला, छपाईवाले, हिचं अख्खं माहेर, ते सगळे एकेक करून समोर येऊन उभे राहिले. शेवटी पोरगी. तिच्या हातात डबी.

गाढव आहेस तू मिस्त्री. मोजायच्या यंत्रांना दर सहा महिन्यांनी तपासतात. तुझ्या यंत्राला हात लावू दिला नाहीस कुणाला.

१७ मार्च.

साहेबांना सगळं सांगितलं. बरणी टेबलावर ठेवली. त्यांनी आत पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

"कधीपासून?"

"माहीत नाही. बायको दोन वर्षं म्हणत होती. दोन वर्षांत मी सिरियमची एक्केचाळीस बटणं केली."

त्यांचा चेहरा उतरला. त्या बटणांवर त्यांचे चार पेपर आहेत. मग म्हणाले, "मिस्त्री, आपण असं म्हणू की कांडीच खराब आली होती. पुरवठादाराची चूक. तुमचं नाव नको, पोरीचंही नको. सगळे सुटतील."

या माणसाला मी बरा म्हणत होतो. वाईट नाही तो, मला वाचवत होता. पण आत काहीतरी कडकडून चावलं. म्हटलं, "साहेब, त्याच कांडीतून पोरीने स्वच्छ बटण केलंय. तुमच्या टेबलावर आलेख आहे. कांडी खराब असती तर तिचंही बिघडलं असतं. पुरवठादार म्हणालात की ती परत खोटी पडते."

"तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आली, मिस्त्री."

"मग दोन वर्षं लोक काय म्हणायचं ते म्हणतील."

संध्याकाळी नोंदवही काढली. लाल पेनाने एक्केचाळीस ओळींवर काट मारली. प्रत्येक ओळीपुढे लिहिलं: धातू अस्वच्छ. तपासणाऱ्याची नजर अधू. खाली सही. ओळी स्पष्ट दिसत होत्या, अगदी चौकटीच्या फिक्या रेषासुद्धा.

२० मार्च. १५२/९४.

समितीत मला कुणी बोलावलं नव्हतं. मी दारात जाऊन उभा राहिलो. आत पाच खुर्च्या, पोरगी फळ्याजवळ. फळ्यावर जिन्याच्या तीन पायऱ्या काढलेल्या आणि खालच्या पायरीवर एक छोटा माणूस. एकटा भाडेकरू. पुसायचा राहून गेला असावा.

साहेबांनी डोळ्यांनी नको म्हटलं. मला आता डोळे स्पष्ट दिसतात.

मी म्हटलं, "पाच मिनिटं द्या." आणि सांगितलं. डोळ्याचं सांगितलं, बरणी फिरवली, नोंदवही ठेवली. मग जे सांगायला जीभ वळत नव्हती ते. "पेन्सिलीच्या डबीचं मी खोटं बोललो. बटण तिथे कधीच नव्हतं. नळ्याही तिने बदलल्या नाहीत. माझ्यावर येतंय असं वाटलं म्हणून तिच्यावर ढकललं."

समितीतल्या एका वयस्क बाईंनी पोरीला विचारलं, "मग तुझ्या चार वर्षांचं काय उरतं?"

पोरीने खडू हातात घेतला. आवाज कोरडा होता. "पायऱ्या उरतात. चाळीस अंशांचा चढ दोन्ही बटणांत तसाच आहे, तो संयुगाचा आहे. सहाचा उंचवटा जातो. स्वच्छ बटणात दोन अंशांपाशी आलेख वर चढायला लागलाय. आपलं यंत्र त्याच्या खाली जात नाही. खरी रांग तिथे खाली असेल. नसेलही. मला बघायचंय."

एक वर्ष मुदत दिली. दोन वर्षांचं काम परत करायचंय, ते एका वर्षात.

बाहेर मी तिच्यासाठी थांबलो. काय बोलायचं ते ठरवलंही होतं. ती आली, समोर उभी राहिली.

"मी विचारलं होतं तुम्हाला. अजून घासायचं का म्हणून. तेव्हा मला दिसत होतं, काका. पण मला वाटलं तुम्ही बावीस वर्षं करताय, माझंच चुकत असेल. तुम्ही ओरडलात तेव्हा तर खात्रीच झाली, माझंच चुकतंय."

मी तोंड उघडलं.

"नको. आत्ता काही बोलू नका. मला खूप राग आलाय." आणि निघून गेली.

तिला म्हणावंसं वाटलं, एक वही घे, त्यात लिही. बरं झालं नाही म्हटलं.

२९ मार्च.

माझी भट्टी चालू आहे. सिरियम मात्र बंद, ते फक्त ग्लोव्ह बॉक्समध्ये आणि ते काम पोरगी करते. ती खोलीत येते, काम करते, जाते. माझ्याशी बोलत नाही. चार वर्षं जी तोंड मिटत नव्हती ती. मला तिचा राग येत नाही. मला माझा येतो, आणि तो रक्तदाबाच्या गोळीने जात नाही.

ही म्हणाली, "बोलेल. तुमच्यासारखी नाहीये ती." मी म्हटलं, "म्हणजे?" तर म्हणे, "तुम्ही माझ्या भावाशी अकरा वर्षं बोलला नाहीत, मिक्सरवरून." मिक्सर त्यानेच बिघडवला होता. असो. तेही परत तपासावं लागेल.

९ एप्रिल. १३८/८८.

डावा डोळाही झाला. आज परत कामावर.

दुपारी मी भट्टीचं तांब्याचं ताट घासत होतो. मागून आवाज आला, "मिस्त्रीकाका." वीस दिवसांनी.

वळलो. ती ग्लोव्ह बॉक्सशी उभी, दोन्ही हात कोपरापर्यंत रबरी मोज्यांत, आत शिकंज्यात सिरियमचा तुकडा. माझ्याकडे बघत नव्हती, काचेतून तुकड्याकडे बघत होती.

"हा कसा दिसतो?"

मी हात पुसले. जवळ गेलो. कपाळ काचेला टेकवलं. आधी उजव्याने बघितलं, मग डाव्याने, मग दोन्हींनी. वरचा भाग स्वच्छ होता. मागच्या कडेला, तिच्या बाजूने दिसणार नाही अशा ठिकाणी, केसाएवढी पिवळट रेघ होती.

तोंडावर आलं होतं, छान आहे, टाक भट्टीत. पोरगी वीस दिवसांनी बोलतेय.

"मागे पिवळं आहे," मी म्हटलं. "अजून घास."

तिने शिकंजा फिरवला. बघितलं. कानस उचलली.

"माझं डोकं खाऊ नका," ती म्हणाली, आणि घासायला लागली.